थायरॉइडची गोळी, पहाटेचा चहा आणि ७.९ चा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. फेब्रुवारीत टीएसएच (थायरॉइड मंदावला की चढणारा रक्तातला आकडा) ४२ निघाला, अँटी-टीपीओ (प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याची खूण)ही खूप वाढलेलं. आधी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी, मेच्या मध्यापासून ७५ ची. जूनअखेर टीएसएच ५.१ वर उतरला होता, आता सप्टेंबरात पुन्हा ७.९. वजन ६८ किलो, सात महिन्यांत जेमतेम दोन किलो कमी झालं. केस मुठीनं जातात, दुपारी वर्गात खुर्चीवरून उठवत नाही. गोळी पहाटे साडेपाचला आणि दहा मिनिटांत चहा. टाचा दुखतात म्हणून जुलैपासून कॅल्शियम, सोबत लोहाची गोळी, दोन्ही नाश्त्यानंतर. ऑगस्टपासून केसांसाठी बायोटिन. नणंदेच्या सांगण्यावरून कोबी-फ्लॉवर बंद, घरात सैंधव मीठ. त्यांना विचारायचंय की गोळीची पॉवर वाढवावी का, आणि ही गोळी खरंच जन्मभर घ्यायची का. जाता जाता ७२ वर्षांच्या सासूबाईंचा टीएसएच ६.२ आलाय, त्यांनाही सुरू करावी का, असंही विचारलंय.

ताई, तुम्ही गोळीची आणि चहाची वेळ मिनिटांनिशी लिहिलीत, हे फार बरं केलंत. माझ्या ओपीडीत एवढं काढून घ्यायला दहा मिनिटं जातात. "गोळी कशी घेता?" "उपाशीपोटीच, डॉक्टर." "आणि चहा?" "चहा काय, गोळीसोबतच." चहाला आपल्याकडे कोणी खाण्यात धरतच नाही. उपाशीपोटी म्हणजे पोळी-भाजी पोटात जायच्या आधी, एवढाच त्याचा अर्थ होऊन बसलाय.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आत्ता पॉवर वाढवू नका. दीड महिना आहे तीच ७५ ची गोळी नीट घ्या आणि मग तपासा. बरेच डॉक्टर ७.९ पाहून लगेच १०० लिहून देतील, आणि त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या तारखा लावून पाहा. ७५ ची गोळी सुरू झाली तेव्हा शाळेला सुट्टी होती. सुट्टीत तुम्ही पहाटे गोळी घेऊन पुन्हा आडव्या होत असाल, चहा सात-आठला होत असेल. कॅल्शियम तेव्हा नव्हतंच. त्या काळातला रिपोर्ट ५.१. मग शाळा सुरू झाली, गोळीला चहा येऊन चिकटला, जुलैत कॅल्शियम आणि लोह आलं, आणि आकडा वर गेला. गोळी तीच, बाई त्याच. बदललं ते फक्त पोटातलं वेळापत्रक.

यात एवढं काय बिघडतं, हे समजायला गोळीचा आकार लक्षात घ्या. तापाच्या पॅरासिटामॉलच्या गोळीत औषध असतं ५०० मिलिग्रॅम. तुमच्या गोळीत थायरॉक्सिन आहे ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या साडेसहा हजारांहून जास्त पटींनी कमी. बाकी सगळी खडू-पिठासारखी भर. रिकाम्या पोटीही त्यातलं साधारण ७० ते ८० टक्केच रक्तात पोचतं. त्यात दूध, कॅल्शियम किंवा लोह आलं की थायरॉक्सिन त्यांना आतड्यातच चिकटतं आणि तसंच बाहेर जातं. पित्तासाठी रोज घेतात त्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं, त्यानंही शोषण घटतं. सोयाबीनच्या वड्या आणि सोया दूधही त्याच पंक्तीतले.

म्हणून गोळी आणि चहा यांच्यात निदान पाऊण तास ठेवा, तास मिळाला तर उत्तम. कॅल्शियम आणि लोह गोळीपासून चार तास लांब. तुमच्या दिनक्रमात हे असं बसेल: गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, पाचचा गजर झाला की अंथरुणातच घ्या. मग आंघोळ, डबा, देवपूजा, जे असेल ते. सहाला निवांत चहा. लोहाची गोळी शाळेत दुपारच्या डब्यानंतर, त्यावर लगेच चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर. हे जमतच नसेल तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेतली तरी चालते, मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत आणि मग कॅल्शियम दुपारी सरकवावं लागेल. माझ्याकडे रात्रपाळीच्या नर्स आणि पहाटे चारला दुधाला जाणारे गवळी दोन्ही आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. रोज तीच वेळ आणि रोज तेवढंच रिकामं पोट, एवढं पाळलं की झालं.

आता पॉवर का थांबवतोय ते सांगतो. तुम्ही चहा मागे सरकवलात आणि त्याच आठवड्यात १०० ची गोळीही सुरू केलीत, तर दोन महिन्यांनी टीएसएच ०.१ येऊ शकतो, म्हणजे औषध जास्त झालं. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. मग पुन्हा ७५. असे सहा-सहा महिने झोके घेत राहणारे रुग्ण मी दर आठवड्याला पाहतो आणि त्यातल्या बहुतेकांच्या फायलीत एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात. तुमच्या वजनाला, ग्रंथी पूर्ण बंद पडली असती तर, साधारण किलोला १.६ मायक्रोग्रॅमप्रमाणे ११० च्या आसपास लागले असते. तुमच्या दुखण्यात, म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते त्या हाशिमोटोमध्ये, ग्रंथी बरीच वर्षं थोडंफार काम करत राहते, त्यामुळे ७५ किंवा ८८ मध्ये भागण्याची शक्यता आहे. नीट घेऊनही दीड महिन्यानं आकडा वरच राहिला, तर वाढवायची ती तेव्हा.

दीड महिनाच का, पंधरा दिवस का नाहीत? तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून जरा खोलात जातो. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलला की नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. आणि टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा आवाज आहे. मुकादमासारखी कल्पना करा: मजूर ढिले पडले की तो ओरडतो, काम होत नाही तसतसा आवाज चढवतो. ४२ ही त्याची किंकाळी होती. काम सुरळीत झालं तरी मुकादमाला खात्री पटायला वेळ लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी टीएसएच करणं म्हणजे पैसे घालवून त्याच त्या ओरडण्याचा उतरता आवाज मोजत बसणं.

याच सात दिवसांच्या हिशेबामुळे एक चुकलेला दिवस फारसा महागात पडत नाही. हरतालिकेला पाणीही घेतलं नाही, गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेतल्या तरी साधारणपणे चालतात. हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं. एरवीच्या उपासाला तर गोळीला काहीच अडचण नाही, पोट रिकामंच असतं. दर सोमवारी, दर चतुर्थीला "आज उपास, औषध नको" असं करत गेलात तर मात्र महिन्याच्या सहा-सात गोळ्या जातात, आणि मुकादमाला ते बरोब्बर कळतं.

बायोटिनबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हे फार कमी जणांना सांगितलं जातं. केसांच्या गोळ्यांत बहुतेकदा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. शरीराला दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या घरात. हे जास्तीचं बायोटिन तुमच्या थायरॉइडला काही करत नाही, पण लॅबच्या यंत्राला फसवतं. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांची रसायनं बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात ते भरपूर असलं की अशा यंत्रावर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, खोटा जास्त दिसतो. म्हणजे तुमचा रिपोर्ट ७.९ असला तरी खरा आकडा त्याहून चढा असायचीही शक्यता आहे, लॅबमध्ये कोणतं यंत्र आहे त्यावर ते ठरेल. पुढच्या तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा. मला विचाराल तर कायमचंच बंद करा. बायोटिनची खरी कमतरता आपल्याकडे क्वचितच असते.

केस का जातात, हा राग मी समजू शकतो. थायरॉइड मंदावल्यावर केसांची मुळं एकगठ्ठा विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. उपचार सुरू झाल्यावर नवे केस यायलाही तेवढाच, किंबहुना जास्त वेळ लागतो. टीएसएच जाग्यावर आल्यावर पुढचे चार-सहा महिने धरा. तुमचा तो अजून जाग्यावर आलेलाच नाही. कपाळाच्या कडेला आरशात उभे, आखूड, लव्हाळ्यासारखे केस दिसायला लागले की समजा सुरुवात झाली.

दुपारी खुर्चीवरून न उठवणं मात्र सगळंच थायरॉइडच्या खात्यावर टाकू नका. एकदा थायरॉइड निघाला की पुढची दहा वर्षं प्रत्येक दुखणं त्याच्या नावावर चढतं, घरच्यांकडून आणि आम्हा डॉक्टरांकडूनही. लोहाची गोळी कशाच्या जोरावर सुरू झाली, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं होतं का? बी-१२ बघा, शाकाहारी घरात ते कमी असणं नेहमीचं आहे, शिवाय हाशिमोटोसोबत जठराचं असंच स्वतःवर उलटणारं दुखणं कधीकधी येतं आणि त्यात बी-१२ शोषलंच जात नाही. डी जीवनसत्त्व, साखर, पाळीत जाणारं रक्त, रात्रीचं घोरणं, हे सगळं विचारात घ्या. उदासी असेल तर तीही सांगा. माझ्याकडे एक बँकेतल्या बाई दोन वर्षं टीएसएच २ असूनही "थायरॉइडनं थकते" म्हणत येत होत्या. फेरिटिन ६ निघालं. लोह भरल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या स्वतःच म्हणाल्या की पायऱ्या चढताना आता कठडा धरावा लागत नाही.

वजनाचं खरं सांगतो, ऐकायला बरं वाटणार नाही. थायरॉइड मंदावल्यानं वाढणारं वजन बहुतेकांत दोन-पाच किलोच असतं आणि त्यातला मोठा वाटा मीठ-पाण्याचा, म्हणजे सुजेचा. ते उपचारानं उतरतं. तुमचे दोन किलो उतरले ते तेच. उरलेलं वजन इतरांसारखंच खाण्या-चालण्यानं उतरवावं लागतं. वजनासाठी म्हणून गोळी वाढवून मागणारे खूप भेटतात. मी देत नाही. जास्तीच्या थायरॉक्सिननं चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात आणि वय वाढलं की हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

कोबी-फ्लॉवर खा. त्यात आयोडीनच्या कामात आडवे येणारे घटक असतात हे खरं, पण शिजवल्यावर ते बरेच कमी होतात आणि आठवड्यातून दोनदा भाजी खाऊन कोणाची ग्रंथी बंद पडत नाही. तुमची ग्रंथी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं बिघडवली आहे. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, त्यात कोबीचा काही हात नाही.

सैंधवावर मात्र माझा आक्षेप आहे. तुमच्यापुरता नाही, तुमच्या मुलांपुरता. तुम्ही तयार थायरॉक्सिनच घेताय, तुमचं मीठ कुठलंही असलं तरी फारसा फरक पडणार नाही. पण घरातल्या वाढत्या मुलांना आयोडीन लागतं आणि सैंधवात सहसा ते पुरेसं नसतं. १९५६ नंतर डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या खटाटोपानं घराघरात पोचलेलं मीठ आपण गुलाबी खड्यांच्या नादानं बाहेर काढतोय. उपासाला सैंधव वापरा, रोजच्या आमटीला साधं आयोडीनयुक्तच.

जन्मभर का? टीएसएच ४२ आणि अँटी-टीपीओ चढलेलं, या जोडीला बहुतेकदा उत्तर "हो" असंच आहे. बाळंतपणानंतरची किंवा विषाणूच्या आजारानंतरची थायरॉइडची सूज वर्षभरात ओसरू शकते, तिथे गोळी थांबवून पाहतात. तुमचं तसं दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे फसतात ते त्या सात दिवसांच्या हिशेबामुळेच. पहिले तीन आठवडे काही होत नाही, उलट "बघा, गोळीची गरजच नव्हती" असं वाटतं. एक गृहस्थ असेच चार महिन्यांनी आले. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलताना जीभ जड. मुलगा म्हणाला, "बाबा फोनवर दुसरेच कोणी वाटतात." नॉर्मल रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल असतो, चष्म्यातून दिसतं म्हणून आपण चष्मा काढून ठेवत नाही.

जन्मभर या शब्दाची धास्ती वाटते तेव्हा मी रुग्णांना १८९१ सालची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरनं थायरॉइड बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्याआधी या आजाराला इलाजच नव्हता, माणसं सुजून, मंद होऊन संपायची. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या, १९१९ पर्यंत. तेवढ्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेनं नोंदवून ठेवलाय. तुम्हाला मेडिकलमध्ये बाटली मिळते, आणि तिच्यात आहे ते तुमच्याच शरीरात बनायचं तेच थायरॉक्सिन. बाहेरची "सवय" वगैरे काही लागत नाही.

बाटलीवरून आठवलं: ती गॅसच्या शेजारच्या फडताळात ठेवू नका. उष्णता, उजेड आणि दमट हवा, तिन्हींनी हे औषध उतरतं. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, कपाटात. शक्यतो कंपनीही तीच ठेवा. मेडिकलवाल्यानं "हीपण तीच आहे" म्हणून दुसरी दिली तर तारीख लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

सासूबाईंना मी लगेच गोळी सुरू करणार नाही. वयाप्रमाणे टीएसएच थोडा चढतोच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरच्या, टीएसएच किंचित वाढलेल्या ७३७ जणांना थायरॉक्सिन किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली होती. थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. टी-फोर नॉर्मल आहे का बघा, तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, दहाच्या वर गेला तर बोलू. भारतात हा आजार कमी नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ ठिकाणच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंद आढळला. पण म्हणून प्रत्येक ६.२ ला गोळी लागते असं नाही.

एक तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. पुन्हा दिवस राहिले, तर पाळी चुकल्याचं कळताच डॉक्टरांना कळवा, पहिल्या सोनोग्राफीची वाट पाहू नका. सुरुवातीचे जवळजवळ तीन महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर होते आणि गरज पाव हिश्शाहून जास्त वाढते. आम्ही सहसा लगेच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या करायला सांगतो आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतो.

पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा चालू असतानाच करा. सुट्टीतला रिपोर्ट पुन्हा सुट्टीचाच आकडा सांगेल. त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच वेळी. टीएसएच दिवसभरात खालीवर होतो, पहाटे चढा आणि दुपारी उतरलेला. टी-फोरही करायचा असेल तर त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. अँटी-टीपीओ आणि गळ्याची सोनोग्राफी पुन्हा करू नका, एकदा कळलं ते पुरे. गाठ हाताला लागली तर गोष्ट वेगळी. मधल्या काळात छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा धाप लागली तर मात्र दिवाळीपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. रिपोर्ट कळवाल तेव्हा आकड्याच्या शेजारी आदल्या आठवड्यातल्या तुमच्या चहाच्या वेळाही लिहा.